पुंडलिका, तुझ्या घरची करंजी फुटते म्हणे

पुंडलिका,

यंदा तुझ्या घरी कढई चढली नाही. माणूस गेलेल्या घरात पहिल्या दिवाळीला तळण करत नाहीत, हे मी तुला काय सांगावं? तूच मला ते शेवटच्या आजारात बजावलं होतंस. तापानं ओठ सुकले होते, तरी बोलायची खोड गेली नव्हती. "मुनीम," तू म्हणालास, "मी गेलो तं यंदा माह्या घरी करंज्या होणार नाईत. मंग लोकायच्या घरी करंज्या मांगाले कोन्त्या तोंडानं जाशीन बे?" मी तुला म्हणालो, "गप पड." आपलं शेवटचं बोलणं ते. घट बसायच्या आत तू गेलास, आणि तुला गप पड म्हटल्याची चुटपुट मला लागलेली नाही, कारण ते तू कधीच ऐकलं नसतंस.

आज भाऊबीज. कापसाची सरकी काढणारं आपलं जीन बंद आहे, काट्यावर ताडपत्री टाकली आहे, आणि मी ओसरीवर बसून तुझ्याशी बोलतोय. तुझी शोकसभा जिनाच्या आवारातच झाली. शेठजी बोलले, दोन-तीन अडते बोलले. मला आग्रह झाला, पण मी उठलो नाही. तुझ्याबद्दल बोलायचं म्हटलं तर जे कधी बोलायचं नाही असं आपलं ठरलं होतं, तेच बोलावं लागलं असतं. आता मात्र बोलणार आहे. का, ते शेवटी कळेल तुला.

सभेत तुझ्या काट्याची तारीफ झाली, ती अगदी वाजवी होती. कापसाच्या बैलबंड्या फाटकातून आत आल्या की कास्तकार आधी विचारायचे, काट्यावर पुंडलिक आहे ना? तू वजन पुकारायचास आणि मी चिठ्ठी लिहायचो. काटा थरथरायचा पुरता थांबेपर्यंत तुझं तोंड उघडायचं नाही. शेठजींचा जावई उभा असो की फाटक्या सदऱ्याचा एखादा कुणबी, तुझा आवाज तोच. एकदा जावईबापू म्हणाले, "अरे, लवकर पुकार की." तू म्हणालास, "मले घाई नाई जी, काट्याले इचारा." मी चिठ्ठीवर मान खाली घालून हसू दाबलं होतं. असा माणूस माझ्या शेजारी बसायचा याचा मला तेव्हाही तोरा होता आणि आज तर फारच आहे.

पण काट्यावर रतीभर इकडचं तिकडं न होऊ देणारा तू, दिवाळी आली की माप विसरायचास. पद्मतीर्थ तळ्यापलीकडच्या मळ्यातून बंडी भरून आणायचास. वांगी, कोहळं, झेंडूची फुलं, गुळाच्या भेल्या, डाळ, तेलाचा डबा. ती बंडी कुठं रिकामी व्हायची हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. निदान तुला तसं वाटायचं.

याची सुरुवात कशी झाली ते मी पाहिलंय. त्या वर्षी पार्वताबाईचा नवरा गेला होता. ती आपल्याच जिनात कापसातला कचरा वेचायच्या कामावर. शेठजींनी दिवाळीला फाटकावर गोरगरिबांना मिठाई वाटायचं काढलं. ओळ लागली. ओळीत पार्वताबाई होती, पदर नाकापर्यंत ओढलेला. दोन माणसं पुढं उरली असताना ती ओळीतून निघाली आणि मिठाई न घेताच चालती झाली. शेठजींच्या ते ध्यानातही आलं नाही. तुझ्या आलं. तू नुसता काट्याच्या साखळीशी चाळा करत राहिलास.

दुसऱ्या दिवशी तू गूळ, तेल, पीठ, खोबरं बंडीत घातलंस आणि तिच्या दारात जाऊन उभा राहिलास. सोबत मी होतो म्हणून सांगतो, तू काय बोललास ते. "बाई, एक अडचन हाय," तू म्हणालास. "आमच्या घरी करंजी तेलात फुटते वो. सारं सारन तेलात, अन् तेल वाया. तुमच्या हातची बरी होते मनून आयकलं. येवढ्या करून देता काय?" पार्वताबाई तुझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ठेवा." दोन दिवसांनी तू करंज्या आणायला गेलास आणि अर्ध्याच आणल्यास. उरलेल्यांना म्हणे बंडीत जागा नव्हती. तेल आणि गूळ तर परत मागायचं तू विसरूनच गेलास. त्यानंतर दर दिवाळीला तू तेच विसरायचास.

मी तुला वाटेत विचारलं होतं, सरळ देऊन टाकलं असतंस तर काय बिघडलं असतं? तुझं उत्तर मला तोंडपाठ आहे. "जो मांगते तो लहान होते, मुनीम. मंग मीच मांगतो न. माह्या अंगातलं काय कमी होते?"

अंगातलं तुझ्या काही कमी झालं नाही. झालं ते सुभद्रावहिनींचं. तुझी बायको म्हणजे हाताला चव असलेली सुगरण. करंजीची कड मुरडावी तर तिनंच. आणि तू घरोघर तिची करंजी फुटते म्हणून सांगत सुटलेला. एकदा मी तुझ्या मळ्यात आलो तर वहिनी माझ्यावरच घसरल्या. "भाऊजी, याईनं साऱ्या वाशिमात माहं नाव घालवलं. माह्या माहेरी समजलं तं माय मले दारात उभी नाई करनार!" तू खाटेवर बसून बत्तासा चघळत होतास. म्हणालास, "मंग सांगू काय जाऊन, का खोटं बोललो मनून?" वहिनी उठून आत गेल्या. मला वाटलं, रुसल्या. पण त्या गुळाची आणखी एक भेली घेऊन बाहेर आल्या आणि बंडीत टाकून म्हणाल्या, "हे राह्यली होती." पुंडलिका, तू गूळ दिलास, तेल दिलंस. वहिनींनी स्वतःचं नाव दिलं. आपण दोघांनी याबद्दल त्यांना कधी चांगला शब्द म्हणून दिला नाही, आपल्याला ते सुचलंच नाही.

मग घरं वाढत गेली आणि घरागणिक तुझी खोटी अडचण वेगळी. मला त्यातली सगळ्यांत आवडायची ती करीमचाचांची. चाचा आपल्या जिनाच्या इंजिनावरचे जुने फिटर. नजर गेल्यावर काम सुटलं, पण ताठा तसाच. लढाईच्या दिवसांत साखर कंट्रोलमध्ये आणि घासलेट तर देवाला दिवा लावायलाही मिळेना. चाचांच्या घरी संध्याकाळी अंधार असतो हे तुला कळलं. तू आपला कंदील घासलेटानं काठोकाठ भरलास, बर्नरचा एक पेच स्वतःच्या हातानं सैल केलास आणि त्यांच्या दारात गेलास. "चाचा, लक्ष्मीपूजन आलं अन् हा जयतच नाई नीट. पाहा न जरा. घाई नाई, चार-आठ दिवस जाळून पाहा, मंग द्या." चाचांनी बोटांनी चाचपून पेच बसवला आणि कंदील ठेवून घेतला. तू परत आणलास तेव्हा टाकी कोरडी होती. टोपलीभर वांगी मजुरी म्हणून ठेवून आलास ते वेगळंच.

आपला वाद इथूनच पेटला. दुपारी काट्याजवळच्या लिंबाखाली भाकरी सोडली की आपण त्यावरच यायचो. मी म्हणायचो, अरे, ही माणसं काय डोळ्यांवर पट्टी बांधून बसलीत? त्यांना सगळं कळतं. तू मान हलवायचास. "नाई. समजलं असतं तं घेतलंच नसतं. पार्वताबाई ओळीतून निघून गेली ते तू पायलं न?" मी म्हणायचो, कळतं आणि तरी घेतात. तू म्हणायचास, "मंग माह्या खोटं बोलाचा काय उपेग?" भाकरी संपायची, भोंगा व्हायचा आणि वाद तिथंच राहायचा. वर्षानुवर्षं राहिला. तुझ्या अंगात तेवढी एक भीती होती रे, एरवी वाघासारखा माणूस तू: एखाद्या दिवाळीला कुणीतरी ओळखेल आणि दार लावून घेईल.

तर आता ऐक.

शोकसभा उठल्यावर शेठजींनी मला बाजूला घेतलं. डोळे ओले होते त्यांचे, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "मुनीमजी, यंदा पुंडलिकच्या नावानं फाटकावर फराळ वाटू. त्याच्या नावाची पाटी लावू. तो ज्या घरी जायचा ती घरं तुम्हाला ठाऊक असतील. तेवढी सांगा, त्यांना ओळीत सगळ्यांत पुढं उभं करू." मन चांगलं होतं त्यांचं. पण माझ्या डोळ्यांपुढं नाकापर्यंत ओढलेला पदर आला. मी म्हणालो, "मला नाही ठाऊक, शेठजी." ते म्हणाले, "मग यंदा त्यांच्याकडं बघणार कोण?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बघेन मी."

बोलून बसलो आणि नाकी नऊ आले. चुकलो असतो तर ती माणसं एक तर फाटकावर गेली असती, नाही तर दार लावून घरात बसली असती. आणि खोटं बोलायचं ते काय बोलायचं? तुझी जुनी सबब तुझ्यासोबतच गेलेली. सौभाग्यवतीला म्हटलं, तुझे अनारसे बिघडतात असं सांगू का? ती म्हणाली, "खुशाल सांगा, पण परत या घरात जेवायला येऊ नका." प्रत्येकाच्या नशिबी सुभद्रावहिनी नसते, पुंडलिका.

वसुबारसेला मी तुझीच बंडी मागून घेतली. माल माझा, बैल तुझे. मला बंडी हाकता येत नाही हे तुझ्या बैलांना पहिल्या वळणावर कळलं. मग त्यांनी कासऱ्याकडं लक्ष देणं सोडलं आणि आपल्या मनानं चालू लागले. करीमचाचांच्या दारासमोर येऊन आपोआप थांबले.

चाचा ओट्यावर बसले होते. मी घरून आणलेला कंदील पुढं केला. तुझं बघून मीही एक पेच सैल करून आणला होता. म्हणालो, चाचा, हा जळत नाही नीट. चाचांनी कंदील मांडीवर घेतला, बर्नरवरून अंगठा फिरवला आणि हसायला लागले. "मुनीमजी, तुमने गलत पेच ढीला किया. ये तो उस्का नै. पुंडलिक हर साल बाजूवाला ढीला करता था. वोईच के वोईच पेच!"

मी म्हटलं, चाचा, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? "अरे मियाँ, आँखें गई, उंगलियाँ नै गई," चाचा म्हणाले. "पूरी जिंदगी इंजन खोले. कंदील क्या हर दिवाली को येकच जगे से बिगड़ता?" मग कंदील बाजूला ठेवून म्हणाले, "वो इत्ती मेहनत से झूट बोलता था, के ना बोलने की हिम्मत नै होती थी. छोड़ के जाव. दुरुस्त करता मैं."

पुंडलिका, मी तिथंच वाद जिंकलो होतो. ज्याच्याशी घातला तो सांगायला नव्हता म्हणून जिंकण्याची चव काही लागली नाही.

बैल पुढं निघाले ते पार्वताबाईच्या अंगणात. भर दुपार. आत जाऊन बघतो तर अंगणात तीन दगडांच्या चुलीवर कढई चढलेली आणि भोवती बायका. तुझ्या सगळ्या घरांतल्या. त्या एकमेकींबद्दल चकार शब्द जाणत नाहीत असं तू मला छातीठोक सांगायचास ना? कुणी मूठभर तीळ आणले होते, कुणी वाटीभर तेल, कुणी नुसते हात आणले होते. पार्वताबाई झाऱ्यानं करंज्या काढत होती. मला बघून म्हणाली, "या मुनीमजी, बरं झालं बंडी आनली. हे वयनीच्या घरी पोचवाचं हाय. त्याइच्या घरी यंदा कढई नाई न."

मी माझं पाठ केलेलं सुरू केलं. म्हणालो, बाई, आमच्याकडं यंदा पाहुणे फार, चूल पुरत नाही, तर एवढं सामान... "कोनते पाहुने?" पार्वताबाई म्हणाली. "तुमच्या बाईसाहेब तं काल इहिरीवर सांगत होत्या का यंदा कोनीच येनार नाई मनून." बायका जी फिदीफिदी हसल्या, की बैलांनी माना वर केल्या. मी चांगलाच तोंडघशी पडलो. पार्वताबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "तुमाले खोटंई बोलता येत नाई जी. तो किती मस्त बोले."

मग तिनं सांगितलं. तुझ्या लेकीच्या लग्नाला जिनातल्या सगळ्या बायका आल्या होत्या. तूच हौसेनं बोलावल्या होत्यास. आणि रुखवतात वहिनींच्या हातच्या करंज्यांची चळत मांडलेली होती, हातभर उंच. "येक नाई फुटली होती, मुनीमजी. आमी साऱ्याइनं खाल्ली. अन् त्याच दिवाळीले हा आला न दारात, वयनीची करंजी फुटते मनून! असं लेकरावानी तोंड करून उभा राह्यला. आता त्याले काय सांगाव?"

मी विचारलं, मग घेतलंत कसं? त्या वर्षी ओळीतून तर निघून गेल्या होतात तुम्ही. पार्वताबाईनं झारा कढईच्या काठावर ठेवला. "तिथं मले देनार होते," ती म्हणाली. "हा मले मांगाले आल्ता. मांगनाऱ्याले नाई कसं मनाव?"

हे तुझंच म्हणणं, पुंडलिका. तू ते तिला कधी सांगितलं नव्हतंस. तुझ्या खोट्याचा उपयोग काय, या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला लिंबाखाली सापडत नव्हतं. ते तिच्या अंगणात मिळालं. वाद मी जिंकलो आणि तूही हरला नाहीस. माझ्या आयुष्यात असा वाद दुसरा झाला नाही. मी सगळ्यांसमोर रडलो. कुणी मला गप पड म्हटलं नाही. माझं सामान पार्वताबाईनं उतरवून घेतलं. "ठेवा," म्हणाली, "पन पुढच्या साली नीट मांगा."

करंज्यांच्या टोपल्या बंडीत चढल्या आणि आम्ही तुझ्या घरी गेलो. वहिनी माजघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या, कपाळ मोकळं. तुला माहीत आहे आपल्याकडं काय होतं ते. सणासुदीला अशा बाईला कुणी चुलीपाशी बोलवत नाही, तिनंही पुढं येऊ नये अशी सगळ्यांची समजूत. ज्या बाईनं नाव दिलं, तिला आता हातही कोपऱ्यात ठेवून बसायचं होतं. मी दारातच थबकलो.

पार्वताबाई थबकली नाही. तीही त्याच वाटेनं गेलेली. सरळ आत गेली, टोपली वहिनींपुढं ठेवली आणि जमिनीवर बसली. म्हणाली, "वयनी, येक अडचन हाय. आमच्या करंज्या तेलात फुटून राह्यल्या वो. सारं सारन तेलात, अन् तेल वाया. तुमच्या हातची बरी होते मनून आयकलं. तुळशीच्या लग्नाच्या आंधी येता काय आमच्या घरी, दाखवाले?"

शब्द तुझा, सूर तुझा. अडचण म्हणताना तू मान जरा वाकडी करायचास, तीसुद्धा.

वहिनी तिच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. एक करंजी उचलली, उजेडाकडं धरली, कडेवरून अंगठा फिरवला. तू गेल्यापासून त्या कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. करंजी परत ठेवली आणि पदर खोचत म्हणाल्या, "फुटनारच. कड दाबाची रीतच चुकून राह्यली तुमची. येतो मी."

टोपलीत एकही करंजी फुटलेली नव्हती, पुंडलिका. मी वाकून वाकून पाहिलं.